स्टॅक राखाडी दिसतोय म्हणून सॉफ्टवेअर बदलावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, १३५ मिमीची लेन्स आणि छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) घेऊन तुम्ही मृगातल्या तेजोमेघाचे, म्हणजे एम४२चे, ६० सेकंदांचे ९० फोटो काढलेत. आयएसओ १६००. सोबत २० डार्क (लेन्सवर टोपी घालून तेवढ्याच वेळेचे काढलेले काळे फोटो) आहेत, फ्लॅट (एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो) घेतलेले नाहीत. हे सगळं डीपस्कायस्टॅकर या स्टॅकिंगच्या, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून एकच चित्र बनवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये घातलं तर हाती आलं ते राखाडी, जवळजवळ रंगहीन चित्र. मग एकाने सिरिल घ्या म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला पिक्सइनसाइटला पर्याय नाही, तिसऱ्याने सिक्वेटर सुचवलं. लॅपटॉप विंडोजचा आणि ८ जीबी रॅमचा. पुढे दुर्बिणीतून गुरूही टिपायचाय, तेव्हा एकाच सॉफ्टवेअरमध्ये सगळं भागेल का, असंही तुम्ही विचारलंय.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर सध्या सिरिल वापरा आणि कशावरही पैसे घालू नका. गुरूसाठी मात्र वेगळा प्रोग्रॅम लागेल. पण एवढंच ऐकून तुम्ही सिरिलमध्ये तेच ९० फोटो घातलेत, तर पहिल्यांदा दिसणारं चित्र राखाडीसुद्धा नसेल, निव्वळ काळं असेल. म्हणजे अडचण सॉफ्टवेअरच्या निवडीची नाहीच. स्टॅकिंग कुठे संपतं आणि प्रोसेसिंग कुठे सुरू होतं, हे तुम्हाला अजून कुणी नीट दाखवलेलं नाही.

कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश मोजतो तो सरळ हिशोबाने: दुप्पट प्रकाश, दुप्पट आकडा. कॅमेरा जेपेग बनवताना त्यावर आपला वक्र चढवतो, रंग भरतो, म्हणून पाठीमागच्या स्क्रीनवरचा एकच फोटोसुद्धा बरा दिसतो. स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर यातलं काही करत नाही आणि करूही नये. तेजोमेघाचे बाहेरचे फिकट पदर आकाशाच्या पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम वर असतात आणि पूर्ण मोजपट्टीत पाहिलं तर सगळं तळाशी गोळा झालेलं असतं. ते वर खेचणं म्हणजे स्ट्रेचिंग. ते स्टॅकिंगनंतर, वेगळं करायचं असतं. डीपस्कायस्टॅकर (यापुढे डीएसएस) तुम्हाला थोडं ताणलेलं पूर्वदृश्य दाखवतो, रंगाची मात्रा कमी ठेवून. म्हणून राखाडी. त्या खिडकीतले स्लायडर मी कधीच वापरत नाही. निकाल ३२ बिटच्या टिफमध्ये, बदल लागू न करता, साठवायचा आणि पुढचं काम दुसरीकडे करायचं. तुमची ती 'बिघडलेली' फाइल बहुधा उत्तम असेल. ती सिरिलमध्ये उघडा, खाली दर्शनाचा पर्याय 'लिनिअर'वरून 'ऑटोस्ट्रेच'वर न्या. मूळ आकडे जराही न बदलता तेजोमेघ समोर येईल. हे आधी करा, मग पुढचं वाचा.

याच कारणाने 'हे सॉफ्टवेअर विरुद्ध ते सॉफ्टवेअर' छापाच्या तुलना मी फारशा मनावर घेत नाही. त्यात शेजारी शेजारी ठेवलेली चित्रं ताणून, रंगवून, धार लावून झालेली असतात. फरक दिसतो तो प्रोसेस करणाऱ्याच्या हाताचा, आणि श्रेय जातं स्टॅकरला.

मग स्टॅकरचं खरं काम किती? पाच टप्पे: डार्क-फ्लॅटने साफसफाई, सेन्सरच्या एकेका रंगाच्या पिक्सेलच्या जाळीतून पूर्ण रंग उभे करणं, तारे एकावर एक बसवणं, वाकडे आकडे वगळणं आणि उरलेल्यांची सरासरी. शेवटचा टप्पा सगळीकडे सारखाच. सरासरीने नॉइज, म्हणजे चित्रातली दाणेदार खरखर, फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो. ९० फोटोंनी साधारण साडेनऊ पट. आणखी ९० काढलेत तर एकूण फायदा आणखी १.४ पट, बस्स. या गणितात महागडं सॉफ्टवेअर काडीचीही भर घालू शकत नाही. ढग नसलेली आणखी एक रात्र मात्र घालू शकते.

फरक पडतो तो आधीच्या टप्प्यांत, आणि त्यातही सगळ्यात जास्त वगळण्याच्या टप्प्यात. हा टप्पा एका पिक्सेलवर उतरून पाहण्यासारखा आहे, कारण इथे लोक डोळे मिटून डीफॉल्टवर विसंबतात.

एकाच पिक्सेलचे दहा फोटोंतले आकडे धरा: ५०२, ४९८, ५०५, ४९९, ५०३, ४९६, ५०१, ५०४, ५००, आणि दहाव्या फोटोत नेमका तिथूनच उपग्रह गेला म्हणून ४०९२. सरळ सरासरी काढलीत तर ८६० येते. खरं मूल्य ५०० च्या आसपास, म्हणजे उपग्रहाची रेघ स्टॅकमध्ये ठळक उमटणार. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतलात तर ५०१.५, रेघ गायब. मग नेहमी मध्यकच का घेऊ नये? कारण त्याची किंमत मोजावी लागते. मध्यकात नॉइज सरासरीपेक्षा सुमारे पाव पटीने जास्त राहतो. तुमच्या ९० फोटोंचा मध्यक म्हणजे हिशोबाने सुमारे ५७ फोटोंची सरासरी. थंडीत कुडकुडत घेतलेले तेहतीस फोटो पाण्यात.

म्हणून सिग्मा क्लिपिंग. सरासरीपासून फार लांब गेलेला आकडा टाकायचा, उरलेल्यांची पुन्हा सरासरी. 'फार लांब' म्हणजे किती, ते सिग्मात, म्हणजे आकड्यांच्या विखुरण्याच्या मापात (प्रमाण विचलनात), सांगायचं. आता वरच्याच उदाहरणात सिग्मा काढा: तो येतो १०७७, कारण त्या एका ४०९२ नेच सिग्मा फुगवून ठेवलाय. ४०९२ आणि ८६० मधलं अंतर ३२३२. त्याला १०७७ ने भागा, उत्तर ३. मर्यादा तीन सिग्मांची ठेवलीत तर हा आकडा काठावर बसतो आणि सुटतो. हा योगायोग नाही. दहा फोटोंत एकच वाकडा आकडा कितीही मोठा असला तरी सरासरीपासून तीन सिग्मांच्या पलीकडे तो जाऊच शकत नाही. 'सिग्मा क्लिपिंग लावलं तरी रेघ राहिली, सॉफ्टवेअर भिकार आहे' अशा तक्रारींत बहुतेकदा हेच घडलेलं असतं. फोटो दहा, मर्यादा तीन. मर्यादा दोनवर आणली की रेघ जाते, पण सोबत चांगले आकडेही थोडे गळतात. तुमच्यासारखे ९० फोटो असतील तर तोच उपग्रह नऊ सिग्मांहूनही लांब पडतो आणि विनासायास वगळला जातो.

सिरिलमध्ये डीफॉल्ट पद्धत विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंगची असते. तिच्यात टोकाचे आकडे आधी आत ओढून मग सिग्मा मोजतात, त्यामुळे एक वाकडा आकडा मापच बिघडवत नाही. डीएसएसमध्ये कप्पा-सिग्मा आहे, आणि मध्यक लावून केलेला त्याचा प्रकारही आहे. दोन्ही चालतात. मी ठरवून ठेवलेला ढोबळ नियम असा: दहाच्या आत फोटो असतील तर मध्यक, पंधरा-वीसच्या पुढे सिग्मा क्लिपिंग, आणि कुठल्याही परिस्थितीत वगळलेल्या आकड्यांचं प्रमाण बघायचं. सिरिल स्टॅक झाल्यावर लॉगमध्ये प्रत्येक रंगासाठी किती टक्के आकडे वर-खाली वगळले ते छापतो. ते अर्धा-एक टक्का असेल तर ठीक. दहा टक्के दिसले तर काहीतरी चुकतंय, बहुधा मधल्या काही फोटोंत ढग किंवा दव आलंय.

मी सिरिल सुचवतो याचं खरं कारण या लॉगमध्येच आहे. नवशिक्याने सोपं सॉफ्टवेअर घ्यावं असा सल्ला सगळे देतात. माझं मत थोडं वेगळं आहे: नवशिक्याने बोलकं सॉफ्टवेअर घ्यावं. आपण काय केलं, कुठला फोटो का नाकारला, हे जे सांगतं त्यातून शिकता येतं. एक बटण दाबून 'झालं' म्हणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बिघडलं तर हातात काहीच राहत नाही.

डीएसएस यात अगदीच मुका नाही, हेही सांगायला हवं. रजिस्टर (फोटोंतले तारे ओळखणं) झाल्यावर तो प्रत्येक फोटोला स्कोअर देतो, ताऱ्यांची संख्या दाखवतो, आणि त्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावला की वाईट फोटो तळाशी जमतात. त्याची कुप्रसिद्ध सूचना, 'एवढ्यांपैकी फक्त एकच फोटो स्टॅक होईल', तुम्हालाही कधीतरी भेटेलच. तिचा अर्थ असा की तारे जुळवायला पुरेसे तारे सापडले नाहीत, किंवा नॉइजचे हजारो ठिपके तारे म्हणून मोजले गेले. रजिस्टरच्या प्रगत सेटिंगमध्ये तारे ओळखायची मर्यादा असते. ती हलवून प्रत्येक फोटोत शंभर-दोनशे तारे येतील असं बघा. पाच हजार तारे सापडले म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

सिरिलमध्ये हेच चित्ररूपात मिळतं. रजिस्ट्रेशननंतर प्लॉटच्या टॅबवर ताऱ्यांची जाडी, म्हणजे एफडब्ल्यूएचएम, त्यांचा गोलपणा आणि पार्श्वभूमीची उजळी यांचे आलेख काढता येतात. आलेखात मधेच जाडी वाढत गेलेली दिसली तर तापमान उतरताना फोकस सरकला. गोलपणा ठरावीक अंतराने खाली-वर होत असेल तर ट्रॅकरच्या गिअरची चूक. पार्श्वभूमी हळूहळू चढत असेल तर मृग मावळतीकडे झुकला आणि क्षितिजाजवळचा प्रकाश आत आला. रात्रीची अख्खी कुंडली त्या आलेखात असते. वाईट ठिपक्यांवर क्लिक करून ते फोटो वगळा, पण हात आखडता ठेवा. ९० पैकी पाच-दहा काढले तर ठीक. निम्मे काढून ताऱ्यांची जाडी किंचित सुधारेल, पण तेजोमेघाचे फिकट पदर गमावून बसाल.

आता लॅपटॉपचा मुद्दा, कारण सिरिलची सगळ्यात मोठी गैरसोय इथे आहे. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो, तीन रंग, प्रत्येक आकडा ३२ बिटचा, म्हणजे ४ बाइट. गुणाकार करा: २८८ एमबी. असे ९० म्हणजे जवळपास २६ जीबी. सिरिलची स्क्रिप्ट (सगळे टप्पे ओळीने करून देणारी आज्ञांची फाइल) साफसफाईनंतर एक संच लिहिते आणि तारे जुळवल्यावर दुसरा, म्हणजे ५२ जीबी नुसते मधल्या फाइलींत. डिस्कवर जागा नसेल तर स्क्रिप्ट अर्ध्यात थांबते, आणि लोक समजतात प्रोग्रॅम बिघडला. ८ जीबी रॅममध्ये काम होतं, फक्त सावकाश. रॅमपेक्षा एसएसडीचा फरक जास्त जाणवतो. फारच ओढाताण होत असेल तर मधल्या फाइली १६ बिटमध्ये ठेवायची सोय आहे, आकार निम्मा होतो. पण शेवटचा निकाल ३२ बिटमध्येच घ्या. डीएसएस डिस्कच्या बाबतीत बराच मितभाषी आहे. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला मी आजही तोच सुचवतो आणि निकालाची फाइल सिरिलमध्ये पुढे न्यायला सांगतो. या दोघांत सवतीमत्सर नाही.

तुमच्यासाठी कृती अशी. एक फोल्डर करा, त्यात लहान लिपीत नाव दिलेले चार फोल्डर: lights (मूळ फोटो), darks, flats, biases. स्पेलिंग इंग्रजीत, अचूक, अनेकवचनी. स्क्रिप्ट हीच नावं शोधते आणि एक अक्षर चुकलं तरी रुसते. त्या बाहेरच्या फोल्डरला सिरिलचं कामाचं ठिकाण म्हणून निवडा आणि रंगीत कॅमेऱ्याची, 'ओएससी' (OSC) नावाने सुरू होणारी स्क्रिप्ट चालवा. चारही संच नसतील तर फ्लॅटशिवायची, डार्कशिवायची अशा वेगळ्या स्क्रिप्ट दिलेल्या आहेत. आज तुम्हाला फ्लॅटशिवायची लागेल. चहा प्या, परत या, रिझल्ट नावाची फाइल तयार असेल. नंतर कधीतरी तीच स्क्रिप्ट साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचा. छोटीशीच असते आणि पाचही टप्पे त्यात क्रमाने दिसतात. मॅन्युअलपेक्षा मला तिच्यातून जास्त कळलं.

फ्लॅट नाहीत, हे मात्र मला टोचतंय. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, ही उणीव ते भरून काढत नाही. १३५ मिमीची लेन्स उघड्या छिद्रावर (अ‍ॅपर्चरवर) कोपरे काळवंडवते, आणि सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग असतातच. हे दोन्ही प्रकाशाचा काही हिस्सा खातात, म्हणून उपाय भागाकाराचा: फ्लॅटने भागलं की खाल्लेला हिस्सा परत मिळतो. प्रकाशप्रदूषणाने आलेला उजेड वरून मिसळलेला असतो, म्हणून तिथे उपाय वजाबाकीचा. सिरिलमधली पार्श्वभूमी काढायची सोय किंवा ग्रॅक्सपर्ट हा मोफत प्रोग्रॅम वजाबाकी करतात. काळवंडलेले कोपरे वजाबाकीने सारखे करायला गेलात तर पार्श्वभूमी सपाट दिसते, पण कोपऱ्यातला तेजोमेघ मंदच राहतो. मृगात हे विशेष नडतं, कारण तिथे तेजोमेघ एम४२ पुरता थांबत नाही, चौकटीच्या काठापर्यंत फिकट ढग पसरलेले असतात आणि वजाबाकी करणारा प्रोग्रॅम त्यांनाच प्रदूषण समजून पुसून टाकतो.

फ्लॅट घेणं अवघड नाही. फोकस, छिद्र आणि कॅमेऱ्याची लेन्सवरची स्थिती जशीच्या तशी ठेवून, लेन्ससमोर पांढरं कापड ताणून वा टॅबलेटचा पांढरा स्क्रीन धरून, हिस्टोग्राम मध्यावर येईल असे पंचवीस-तीस फोटो. मग लेन्सवर टोपी घालून सर्वात कमी एक्स्पोजरचे तेवढेच बायस. लेन्स त्यानंतर काढली नसेल आणि छिद्र तेच असेल तर आत्ताही घ्या. धूळ सरकली असेल कदाचित, पण कोपऱ्यांची दुरुस्ती तरी होईल.

डार्कबद्दल एवढंच की ते त्याच रात्री, त्याच गारठ्यात घेतले असतील तर वापरा. दुसऱ्या दिवशी खोलीत घेतले असतील तर तापमान जुळत नाही, आणि न जुळणारे डार्क नॉइज कमी करण्याऐवजी वाढवतात. दोन्ही करून बघा, स्क्रिप्ट आहेतच. आणि कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद आहे ना, तेवढं तपासा. चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा स्वतःच तेवढ्याच वेळेचा डार्क घेतो आणि निम्मी रात्र खातो.

स्टॅकमध्ये एकाच दिशेने ओघळल्यासारखा तिरपा नॉइज दिसला तर तोही सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. ट्रॅकिंगमध्ये फोटो रात्रभर एका दिशेने हळूहळू सरकत गेलेला असतो आणि सेन्सरचे कायमचे डाग ताऱ्यांच्या मागे रेघा ओढतात. उपाय फोटो काढतानाच करायचा. दर काही फोटोंनी कॅमेरा किंचित इकडेतिकडे हलवायचा, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला. याला डिदरिंग म्हणतात. साध्या ट्रॅकरवर हाताने करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण कुठल्याही स्टॅकरच्या बदलापेक्षा याने जास्त फरक पडतो. डिदरिंग केलेलं असेल तरच ड्रिझलचा, म्हणजे अनेक फोटोंतून जास्त बारीक पिक्सेलचं चित्र बांधायच्या पद्धतीचा, विचार करा. ही पद्धत फ्रुक्टर आणि हुक यांनी हबल दुर्बिणीच्या डीप फील्डसाठी तयार केली, कारण त्या कॅमेऱ्याचे पिक्सेल दुर्बिणीच्या बारकाव्याच्या मानाने मोठे होते. १३५ मिमीवर तुमचा एक पिक्सेल सुमारे सहा आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद) व्यापतो, म्हणजे तुमची अवस्थाही तशीच. पण दुप्पट ड्रिझल म्हणजे चौपट पिक्सेल, आणि वरचा डिस्कचा हिशोब आठवा. तुमच्या लॅपटॉपवर मी तूर्तास त्या वाटेला जाणार नाही.

पिक्सइनसाइटबद्दल. सॉफ्टवेअर जबरदस्त आहे, यात वाद नाही. त्याचं डब्ल्यूबीपीपी नावाचं साधन वेगवेगळ्या रात्रींचे, वेगवेगळ्या फिल्टरचे संच गटांत लावतं, प्रत्येक फोटोला दर्जानुसार वजन देतं, जागोजागी पार्श्वभूमी जुळवून घेतं. पण त्याचा फायदा दिसतो तो अनेक रात्रींचा, वेगवेगळ्या फिल्टरचा माल साचल्यावर. एका रात्रीच्या, एका लेन्सच्या, दीड तासाच्या डेटावर त्याचा आणि सिरिलचा स्टॅक ओळखू येणार नाही. शिकायला महिने जातात, रॅम आणि डिस्क दोन्ही ते मनसोक्त खातं. ४५ दिवसांची चाचणी-प्रत मिळते. घ्यायचीच असेल तर आधी डेटा साठवा आणि मग तिचे दिवस सुरू करा. अ‍ॅस्ट्रो पिक्सेल प्रोसेसर हा दुसरा पैशाचा पर्याय. अनेक चौकटी जोडून मोठं मोझाइक करायचं असेल तर तो मला सगळ्यात कमी कटकटीचा वाटतो. अस्टॅप हा छोटा, मोफत, हलका प्रोग्रॅमही स्टॅक करतो, पण मी तो मुख्यतः आकाशातली जागा ओळखायला वापरतो.

सिक्वेटर ज्याने सुचवलं त्याच्या डोळ्यांसमोर दुसराच फोटो असणार: खाली डोंगर किंवा झाड, वर आकाशगंगा. तिथे आकाश आणि जमीन एकमेकांच्या मानाने सरकतात, तारे जुळवले की जमीन पुसट होते. सिक्वेटर आकाशाचा भाग रंगवून वेगळा करू देतो आणि जमीन स्थिर ठेवतो. मॅकवर हेच काम स्टारी लँडस्केप स्टॅकर करतो. तुमच्या चौकटीत जमीन नाही, सोडून द्या.

गुरू, शनी आणि चंद्र यांचं सगळंच वेगळं. तेजोमेघात प्रकाश कमी पडतो. ग्रहांवर प्रकाश भरपूर असतो, पण हवा थरथरत असते. म्हणून लांब फोटोऐवजी मिलिसेकंदांच्या फ्रेमचा व्हिडिओ घ्यायचा आणि हवा क्षणभर शांत असतानाच्या थोड्या फ्रेम निवडायच्या. या 'लकी' फ्रेमची शक्यता किती, याचं गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं. तारे जुळवणारा स्टॅकर इथे निरुपयोगी, कारण चौकटीत तारेच नसतात. ऑटोस्टॅकर्ट हा मोफत प्रोग्रॅम फ्रेमना दर्जा देतो, ग्रहावर ठिकठिकाणी जुळणीबिंदू लावतो आणि वरचे दहा-वीस टक्के घेऊन स्टॅक करतो. त्यातून येणारं चित्र लोण्यासारखं मऊ असतं. धार लावायला रेजिस्टॅक्स या प्रोग्रॅममधले वेव्हलेट नावाचे स्लायडर. व्हिडिओ एसईआर किंवा बिनदाबाच्या (अनकॉम्प्रेस्ड) एव्हीआयमध्ये घ्या, मोबाइलसारख्या एमपी४ मध्ये नको. दाबताना नेमके बारीक तपशील जातात. आणि गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत आवरा. लांब घ्यायचा तर विनजुपोस या प्रोग्रॅमने फिरणं उलटवावं लागतं. ते पुढचं.

माझं ऐकून सोडू नका, तुमच्याच डेटावर ताडून बघा. ९० पैकी तेच वीस फोटो आणि तेच डार्क घेऊन डीएसएस आणि सिरिल दोन्हीत स्टॅक करा. दोन्ही निकाल सिरिलमध्येच, ऑटोस्ट्रेचखाली, शंभर टक्के मोठे करून बघा. कोपऱ्यातले तारे गोल आहेत का? उपग्रहाची पुसट रेघ उरलीय का? ताऱ्यांभोवती काळी कडी आलीय का? पार्श्वभूमीच्या नॉइजचा आकडा मोजाल, पण तो एकटा बघू नका. दोन प्रोग्रॅम आकड्यांची पट्टी वेगळी ठेवतात. शिवाय तारे बसवताना पिक्सेलचं मिश्रण होतं, आणि जो प्रोग्रॅम जास्त मिसळतो त्याचा नॉइज कमी दिसतो, पण बारीक तारेही जाड होतात. म्हणून नॉइज आणि ताऱ्यांची जाडी दोन्ही एकदम बघायची. माझा अंदाज, तुम्हाला फरक शोधायला डोळे ताणावे लागतील.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल. एम४२ चा गाभा तुमच्या स्टॅकमध्ये पांढराफटक दिसणार, आतले चार तारे दिसणारच नाहीत. आयएसओ १६०० ला ६० सेकंदांत तो भाग प्रत्येक फोटोत जळलेला असतो आणि जळलेल्या आकड्यांची सरासरीही जळलेलीच. पुढच्या वेळी त्याच बैठकीत पाच-दहा सेकंदांचे वीसेक फोटो वेगळे घ्या, वेगळे स्टॅक करा आणि गाभा त्यातून जोडा. डीएसएस आणि सिरिल दोन्हीत हे जमतं.

काम झाल्यावर सिरिलचा प्रोसेस फोल्डर बिनधास्त उडवा, ते ५२ जीबी तिथेच अडकलेले असतात. मास्टर डार्क आणि रिझल्ट फाइल ठेवा. मूळ रॉ मात्र काहीही झालं तरी पुसू नका, पुढच्या हिवाळ्यात याच चौकटीत आणखी दोन रात्री जोडाल तेव्हा हे ९० फोटो पुन्हा लागतील.